‘मिटवून घ्या’ची भाषा आणि समजूतदारपणाचे ओझे

कायद्याच्या कोणत्याही पुस्तकात न सापडणारा, पण तालुक्याच्या कोर्टाच्या आवारात, पोलीस ठाण्याच्या व्हरांड्यात आणि गावच्या पारावर दिवसातून पन्नास वेळा कानावर येणारा शब्द कोणता, असे कुणी विचारले तर आम्ही सांगू – ‘मिटवून घ्या’. हा शब्द कधीच एकटा येत नाही. त्याच्या मागेपुढे एक सगळे लटांबर असते. ‘झालं गेलं विसरा’, ‘मोठ्या मनाने माफ करा’, ‘गावाची बदनामी होते’, ‘शेवटी आपल्याला एकाच गावात राहायचंय’, ‘पोरांचं आयुष्य बरबाद होईल’ आणि सर्वांत शेवटी, पाठीवर हात ठेवून, ‘तुम्ही तर समजूतदार आहात!’

या वाक्यांत शिवी नाही, धमकी नाही. उलट सगळे शब्द चांगुलपणाचे आहेत. क्षमा, समजूत, एकोपा, माणुसकी. आणि नेमकी इथेच मेख आहे. आमच्या अनुभवात जातीय अत्याचाराचे जेवढे खटले काठीच्या धाकाने कोसळले, त्याहून जास्त या चांगुलपणाच्या शब्दांनी कोसळले. काठीचा धाक ओळखता येतो, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो, पोलीस संरक्षण मागता येते. पण ‘तुम्ही समजूतदार आहात’ या वाक्याविरुद्ध कुठल्या कलमाखाली अर्ज करायचा?

वाचकहो, जरा बारकाईने पाहा. अत्याचार झाल्यावर चांगुलपणाचे सगळे शब्द कोणाच्या वाट्याला येतात? ज्याचे डोके फुटले त्याच्या. माफी त्याने द्यायची, मन त्याने मोठे करायचे, समजूत त्याने दाखवायची, गावाची इभ्रत त्याने सांभाळायची. आणि ज्याने डोके फोडले त्याच्या वाट्याला कोणते शब्द येतात? ‘पोरं आहेत’, ‘रक्त गरम आहे’, ‘दारूच्या नशेत होते’, ‘त्याच्याकडून चूक झाली’. आपल्या मराठी भाषेची ही एक गंमतच म्हणायची. ‘त्याने मारले’ असे सरळ म्हणण्याऐवजी ‘त्याच्याकडून हात उचलला गेला’ असे म्हणायची सोय तिने करून ठेवली आहे. जणू हात स्वतःहूनच उचलला जातो आणि बिचारा माणूस शेजारी उभा राहून पाहत असतो! पेला फुटतो, दूध नासते, पाऊस पडतो, तशी ‘चूक होते’. कर्ता गायब. कर्ता गेला की जबाबदारी गेली, आणि जबाबदारी गेली की पश्चात्तापाचेही काही कारण उरत नाही.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बंडुरा यांनी आयुष्याची अनेक वर्षे याच प्रश्नाच्या अभ्यासात घालवली की, एरवी सज्जन असणारी माणसे क्रूर कृत्ये कशी करतात आणि रात्री शांत कशी झोपतात. त्यांनी ज्या युक्त्या नोंदवल्या त्यात कृत्याला सौम्य नाव देणे ही एक, जबाबदारी दुसऱ्यावर किंवा सर्वांवर पसरून टाकणे ही दुसरी, आणि ज्याच्यावर अन्याय केला त्यालाच दोषी ठरवणे ही आणखी एक. हे शिकायला आम्हाला अमेरिकेत जायची गरज नाही. वर्तमानपत्र उघडले की पुरे. ‘किरकोळ कारणावरून दोन गटांत हाणामारी’. चाळीस जणांनी एका घरावर चाल केली तरी ‘दोन गट’. मिरवणूक अडवली, निळा झेंडा फाडला, तरी ‘किरकोळ कारण’. हा मथळा लिहिणारा उपसंपादक कदाचित जातीयवादी नसेलही. पण सकाळी चहासोबत तो मथळा वाचणाऱ्या हजारो माणसांच्या मनात अन्यायाचा राग उठण्याआधीच विझलेला असतो. दोन गट भांडले, त्यात आपण कशाला पडा?

आणि कृत्याला सौम्य नाव देण्यापेक्षाही भयंकर प्रकार म्हणजे कृत्याला नीतीचे नाव देणे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चार जणांना, सुरेखा, प्रियंका, सुधीर आणि रोशन यांना, जमावाने ठार केले. त्यानंतरच्या सुरुवातीच्या काही बातम्यांत कोणता शब्द आला होता, आठवते का? ‘अनैतिक संबंध’. शेतीसाठी, रस्त्यासाठी, सन्मानासाठी भांडणारी, पोरीला शिकवणारी एक स्वाभिमानी बाई. तिच्या चारित्र्यावर बोट ठेवले की खुनी जमाव आपोआप ‘संतप्त गावकरी’ होतो, आणि हत्याकांडाला गावाच्या नीतिमत्तेच्या रक्षणाचा मुलामा चढतो. महाराष्ट्र पेटला तो हा मुलामा खरवडून निघाल्यानंतर. २००८ साली सत्र न्यायालयाने आठ जणांना दोषी धरले, सहा जणांना फाशी सुनावली. पण अॅट्रॉसिटी कायद्याखालचा गुन्हा सिद्ध झाला असे मानले नाही. २०१० साली उच्च न्यायालयाने फाशी रद्द करून पंचवीस वर्षांचा तुरुंगवास दिला आणि हत्याकांडामागे सूडभावना असल्याचे म्हटले. सूड! सूड हा शब्दसुद्धा असाच. सूड दोन बरोबरीच्या वैऱ्यांत असतो. जात त्या शब्दात कुठे दिसते?

असो. मुद्दा असा की, नीतीचे शब्द हे केवळ कृत्यानंतर चिकटवायचे लेबल नसते. काय करायचे आणि काय करायचे नाही, कशाचा राग यावा आणि कशाची लाज वाटावी, हे माणूस त्याच शब्दांतून ठरवतो.

आम्ही ज्या साक्षीदारांना फितूर झालेले पाहिले त्यातल्या एका शेतमजूर बाईचे उदाहरण सांगतो. तिच्या डोळ्यांदेखत पुतण्याला मारले होते. तिला कोणी पैसे दिले नाहीत. कोणी दमही दिला नाही. तारखेच्या आदल्या आठवड्यात गावातली एक जुनी जाणती बाई तिच्या दारात आली, ओसरीवर टेकली आणि म्हणाली, ‘मावशे, तूही लेकराची आई, मीही लेकराची आई. तुझ्या एका शब्दानं माझ्या नातवाला सात वर्षं आत जावं लागलं तर ते पाप कोणाच्या माथी?’ एवढेच. साक्षीच्या दिवशी मावशीने पिंजऱ्यात उभे राहून सांगितले, ‘अंधार होता, मला दिसलं नाही.’ बाहेर आल्यावर ती आमच्याकडे बघेना. तिला भीती वाटली होती असे आम्ही म्हणणार नाही. तिने आपल्या समजुतीप्रमाणे पाप टाळले होते! ज्याच्या डोक्याला अकरा टाके पडले त्याच्या वेदनेसाठी तिच्याकडे तेवढा जड शब्दच नव्हता. ‘पाप’ वजनदार होता, ‘न्याय’ हा कोर्टातला, वकिलाच्या तोंडातला, लांबचा शब्द होता.

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा १९८९ चा. संसदेने २०१५ साली त्यात दुरुस्ती केली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली आणि १५ अ या कलमाने पीडित व साक्षीदारांना संरक्षणाचे, माहिती मिळण्याचे, प्रवासखर्चाचे, सुनावणीत आपले म्हणणे मांडण्याचे हक्क मिळाले. या कायद्यातील गुन्हे आपसात मिटवण्याच्या यादीत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रामावतार प्रकरणात तडजोडीनंतर असा खटला रद्द केला, पण तेही आपल्या विशेष अधिकारात, आणि अशा बाबतीत फार सावध राहावे लागेल असे बजावूनच. म्हणजे कायद्याने ठाणेदाराला ‘मिटवून घ्या’ म्हणण्याचा काडीचाही अधिकार नाही. तरी म्हणतो. कारण त्याच्या लेखी तो गुन्हा दडपत नसतो, तो ‘शांतता राखत’ असतो.

कायदा शिवी पकडतो. २००८ च्या स्वर्णसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने चांगले सांगितले आहे की, जातिवाचक शब्दाचा अर्थ शब्दकोशातून किंवा व्युत्पत्तीतून काढायचा नसतो, आज लोक तो कोणत्या अर्थाने आणि कोणत्या हेतूने वापरतात हे पाहायचे असते. हाच नियम आम्ही गोड शब्दांनाही लावू इच्छितो. ‘समजूतदार’ या शब्दाचा कोशातला अर्थ काहीही असो, गावात त्याचा चालू अर्थ ‘तक्रार मागे घेणारा’ असा आहे.

शब्दाने माणसाला कसे बांधून ठेवता येते याचा आपल्या समाजाइतका जुना अनुभव कोणाला असेल असे वाटत नाही. महारांच्या ‘बावन्न हक्कां’ची गोष्ट आपल्या आजोबा-पणजोबांनी अभिमानाने सांगितलेली आहे. काय होते हे हक्क? मेलेल्या ढोरावर हक्क. मढ्यावरच्या कापडावर हक्क. दारोदार फिरून भाकरी मागण्याचा हक्क. चोवीस तासांच्या राबणुकीला ‘वतन’ म्हणायचे, उष्ट्या-शिळ्याला ‘मान’ म्हणायचे आणि मग माणूस ती बेडी स्वतःच जपतो, भाऊबंदकीत तिच्यासाठी भांडतोसुद्धा! बाबासाहेबांचे मोठेपण असे की त्यांनी ही गाठ ओळखली. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला केवळ चवदार तळ्याचे पाणी प्यायचा कार्यक्रम नव्हता. मेलेल्या जनावराचे मांस आणि मागून आणलेली भाकरी सोडा, हे आवाहन त्याच परिषदेत झाले. पुढच्याच वर्षी, १९२८ साली, त्यांनी मुंबई कायदे मंडळात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती सुचवणारे बिल आणले. त्या वेळी आपल्याच लोकांतून कुरकुर झाली, ‘आमचे वतन घालवता काय?’ ज्याला हक्क म्हणत होतो ती वेठ आहे, हे एका पिढीला पटवून देणे हे बिल मंजूर करून घेण्याहून अवघड काम होते. कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तोवर बाबासाहेब गेले होते.

दुसरा प्रसंग १९३८ चा. मुंबई विधानसभेत लोकल बोर्डाच्या कायद्यात दुरुस्ती करताना अस्पृश्यांसाठी ‘हरिजन’ हा शब्द घालण्याचे सरकारने ठरवले. किती पवित्र शब्द, देवाची माणसे! बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाड यांनी त्याला विरोध केला, बहुमताने तो विरोध फेटाळला गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद सभात्याग करून बाहेर पडले. एका शब्दासाठी सभात्याग? तेव्हाही अनेकांना तो आततायीपणा वाटला असणार. पण दयेचा शब्द ज्याला उद्देशून वापरला जातो तो मागायला शिकतो, आणि जो वापरतो तो देणारा होतो. दोघांच्याही पाठीचा कणा त्या शब्दाप्रमाणे वाकतो किंवा ताठ होतो. ‘जोहार’ जाऊन ‘जय भीम’ आला तेव्हा नमस्काराचा केवळ शब्द बदलला नाही, कमरेतला कोनही बदलला.

शाळेत हेच घडते. वर्गात सर येतात आणि म्हणतात, ‘स्कॉलरशिपवाली पोरं उभी राहा.’ फॉर्म भरून घ्यायचा असतो, हेतू वाईट नसतो. पण चाळीस डोळे वळतात. उत्तर प्रदेशातील खेड्यांत कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली होती. जात उच्चारली नाही तेव्हा खालच्या मानलेल्या जातीची मुले वरच्या जातीच्या मुलांच्या जवळपास बरोबरीने कोडी सोडवत होती. मग सर्वांसमोर प्रत्येकाचे नाव, गाव, बापाचे नाव, आजोबाचे नाव आणि जात मोठ्याने वाचली गेली. कोडी तीच, मुले त्याच गावांतली. खालच्या जातीच्या मुलांची कामगिरी घसरली. शिवी दिली नव्हती, फक्त जात वाचली होती. मग ज्या मुलाला पहिलीपासून बारावीपर्यंत ‘सवलतवाला’, ‘सरकारी जावई’ हेच शब्द ऐकावे लागतात त्याची ‘गुणवत्ता’ मोजणाऱ्यांनी आधी ऐकलेल्या शब्दांचे ओझे वजा करावे! ‘सवलत’ म्हणजे नियमाला घातलेली मुरड, कोणाच्या तरी खिशातून गेलेले काही. सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली एन. एम. थॉमस प्रकरणातच सांगितले की, मागासांसाठीची तरतूद ही समतेच्या नियमाला अपवाद नसून समतेचेच एक अंग आहे. पन्नास वर्षे होऊन गेली. कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून अजून ‘सवलतीचा फॉर्म’च मागतो, आणि खेदाची गोष्ट अशी की आपली पोरेही तोच मागतात.

आता थोडे आपल्या घरात. आपल्या सभांमध्ये व्यासपीठावरून जी भाषा चालते तिचाही हिशेब एकदा मांडायला हवा. ‘समाजाचे ऋण फेडा’, ‘बाबासाहेबांचे उपकार विसरलात’, ‘शिकले आणि समाजाला विसरले’. समोर बसलेला नोकरदार तरुण मान खाली घालतो, पावती फाडतो आणि पुढच्या सभेला येत नाही. कर्जदार सावकाराची गल्ली टाळतो, तसेच हे. ऋणाची भाषा वसुली करू शकते, कार्यकर्ता तयार करू शकत नाही. त्यातून कोणी वेगळे मत मांडले की ‘दलाल’, ‘गद्दार’, ‘विकला गेला’ हे तीन शब्द तयारच. या शब्दांनी किती चांगली माणसे चळवळीतून गप्प होऊन घरी बसली याची गणती कोणी ठेवलेली नाही. आणि बायकांच्या बाबतीत तर विहारातली समिती आणि गावची पंचायत यांची भाषा ओळखू येऊ नये इतकी सारखी. ‘घरंदाज’, ‘चार लोक काय म्हणतील’, ‘मुलीने मर्यादेत राहावे’. मनुस्मृती जाळली २५ डिसेंबर १९२७ ला, पण ‘मर्यादा’ हा शब्द त्या आगीतून सुखरूप बाहेर पडलेला दिसतो.

‘राहावे’, ‘करावे’, ‘वागावे’. या ‘आवे’च्या रूपात बोलणारा कोण हे कळत नाही, फक्त वरून आज्ञा येते. याच्या शेजारी तथागतांचे पंचशील ठेवून पाहा. रोज म्हणतो म्हणून त्याच्या व्याकरणाकडे आपले लक्ष जात नाही. तिथे ‘तू हे करू नकोस’ असे कोणी सांगत नाही. ‘वेरमणी’ म्हणजे अलिप्त राहणे, ‘सिक्खापद’ म्हणजे शिकण्याचा एक पाठ, आणि ‘समादियामि’ म्हणजे तो पाठ मी स्वतः स्वीकारतो. वाक्याचा कर्ता म्हणणारा माणूसच. आज्ञा नाही, शिक्षेचे भय नाही, चुकला तर पुन्हा शिकायची सोय आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या त्याही ‘मी’च्याच आहेत; लाखो माणसांनी एकाच वेळी, पण प्रत्येकाने आपल्या नावाने म्हटलेल्या. १९३६ च्या ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या भाषणातच त्यांनी नियम आणि तत्त्व यांत फरक केला होता. नियम सांगितले तसे पाळायचे असतात, तत्त्व माणसाला विचार करायला लावते आणि म्हणून जबाबदारही धरते.

२०१२ साली अमेरिकेतील दोन संशोधकांनी असे दाखवले की, मोह टाळताना ‘मला चालत नाही’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मी घेत नाही’ म्हणणारे जास्त टिकून राहिले. पहिल्या वाक्यात बंदी घालणारा दुसरा कोणीतरी आहे, दुसऱ्यात आपणच आहोत. आमच्या वस्तीत दारू सुटलेली जी माणसे आहेत त्यांची भाषा ऐका, ‘डॉक्टरनं नको सांगितलंय’ म्हणणारा दिवाळीपर्यंत टिकतो.

शब्द बदलले की सर्व बदलते असा आमचा दावा नाही. ‘मत द्या’ऐवजी ‘मतदार व्हा’ म्हटल्याने मतदान वाढते असा एक अभ्यास २०११ साली गाजला, पण २०१६ साली मोठ्या प्रमाणावर करून पाहिल्यावर तो परिणाम दिसला नाही. पंचशील तोंडपाठ असूनही संध्याकाळी गुत्त्यावर सापडणारे उपासक आम्हाला ठाऊक आहेत. जमीन नसलेल्या माणसाला ‘स्वाभिमानी’ म्हटल्याने त्याच्या घरी ज्वारी येत नाही, आणि ज्याच्या बांधावर मजुरीला जायचे त्याच्याविरुद्ध साक्ष देताना शब्दांपेक्षा पोटच जास्त बोलते. त्या मावशीलाही दुसऱ्या दिवशी त्याच गावात कामाला जायचे होते, हे विसरून चालणार नाही. पण पोट सगळ्यांनाच आहे, तरीही काही साक्षीदार टिकतात. जे टिकले त्यांच्याकडे बहुधा स्वतःचे असे एखादे वाक्य होते. एका म्हाताऱ्याने उलटतपासणीत आरोपीच्या वकिलाला सांगितले, ‘साहेब, मी कोणाला आत टाकायला नाही आलो. मी पाहिलं ते सांगायला आलोय. आत टाकायचं का नाही ते यांचं काम,’ आणि त्याने न्यायाधीशांकडे बोट दाखवले. पापाचे सगळे गाठोडे त्याने एका वाक्यात खाली ठेवले होते. तेव्हापासून आम्ही साक्षीदारांशी बोलताना न्याय, लढा, क्रांती हे मोठे शब्द बाजूला ठेवतो आणि या म्हाताऱ्याचे वाक्य सांगतो.

आता समाजबांधवांनी पोलीस ठाण्यात गेल्यावर करायची गोष्ट. २०१५ च्या दुरुस्तीनंतर अॅट्रॉसिटी कायद्याच्या कलम ४ प्रमाणे, तोंडी दिलेली तक्रार लिहून घेतल्यावर सही घेण्यापूर्वी ती तक्रारदाराला वाचून दाखवणे आणि तिची प्रत ताबडतोब देणे हे ठाणे अंमलदाराचे कर्तव्य आहे. अनुसूचित जाती-जमातीचा नसलेल्या लोकसेवकाने ते जाणूनबुजून टाळले तर सहा महिने ते एक वर्षापर्यंत शिक्षेची तरतूद आहे. तेव्हा घाई करू नका, वाचून दाखवा म्हणा. कागदावर ‘बाचाबाची झाली’, ‘वाद झाला’, ‘मारहाण झाली’ असे लिहिलेले ऐकू आले तर थांबवा आणि विचारा, कोणी कोणाला मारले? त्याचे नाव, त्याने वापरलेला शब्द जसाच्या तसा, आणि त्याने काय केले ते क्रियापद, या तिन्ही गोष्टी कागदावर आल्याशिवाय सही करू नका.